एका लालबुंद सूर्याची गोष्ट

परवा चौथीच्या वर्गात मी मुलांना जुन्या कॅलेंडरवरचं एक चित्र दाखवलं. निळसर-करडं धुकं, संथ पाणी, पाण्यात काळपट होड्या आणि वर शेंदरी सूर्य. विचारलं, "हा सूर्य उगवतोय की मावळतोय?" निम्मा वर्ग ओरडला, "उगवतोय!" बाकीचे म्हणाले, "मावळतोय!" तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "बाई, हे चित्र अर्धवटच आहे की! पूर्ण कुठं रंगवलंय?"

वर्ग हसला. मलाही हसू आलं. कारण दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमधली मोठमोठी माणसंही नेमकं हेच म्हणाली होती!

हे चित्र क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराचं. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर ल आव्र नावाचं बंदर आहे. मोनेचं लहानपण तिथंच गेलं. पुढे एकदा तिथल्या हॉटेलात उतरला असताना खिडकीतून दिसणारं बंदर त्याने रंगवलं. चित्र तसं लहानच, ४८ सेंटिमीटर उंच आणि ६३ सेंटिमीटर रुंद. पट्टी घेऊन जमिनीवर आखून बघा, म्हणजे अंदाज येईल.

त्या काळी पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात मोने आणि त्याच्या मित्रांची चित्रं अनेकदा नाकारली जात. शेवटी सुमारे ३० कलावंतांनी ठरवलं, आपणच आपलं प्रदर्शन भरवू! १५ एप्रिल १८७४ ला ते सुरू झालं. जागा होती नादार या छायाचित्रकाराचा जुना स्टुडिओ. चित्रांची यादी छापायची म्हणजे प्रत्येक चित्राला नाव हवं. मोनेला वाटलं, हे काही ल आव्रचं हुबेहूब दृश्य म्हणून खपायचं नाही. म्हणून त्याने सांगितलं, 'इम्प्रेशन' असं लिहा. इम्प्रेशन म्हणजे पाहताक्षणी मनावर उमटलेला ठसा. यादीत छापलं गेलं, 'इम्प्रेशन, सूर्योदय'.

झालं! लुई लरुआ नावाच्या लेखकाने एका विनोदी वृत्तपत्रात या चित्राची यथेच्छ टर उडवली. भिंतीला चिकटवायचा कागदसुद्धा याच्यापेक्षा पूर्ण असतो, असा त्याचा सूर होता. या सगळ्या मंडळींना त्याने 'इम्प्रेशनिस्ट' म्हणून चिडवलं. गंमत बघा, पुढे या चित्रकारांनी चिडवण्याचं तेच नाव अभिमानाने लावून घेतलं! मराठीत या शैलीला 'दृक्प्रत्ययवाद' म्हणतात.

८०० चे २१०!

एवढी चेष्टा होऊनही चित्राला गिऱ्हाईक मिळालं. एर्नेस्त ओशदे या कापडाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने ते ८०० फ्रँकला घेतलं. पण पुढे त्याचं दिवाळं निघालं आणि १८७८ मध्ये त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला. या चित्राला आले फक्त २१० फ्रँक. त्यातून लिलावाच्या यादीत त्याचं नाव छापलं होतं 'सूर्यास्त'! म्हणजे आमच्या वर्गातलं भांडण तेव्हाच सुरू झालं होतं.

ते २१० फ्रँक देणारे होते डॉक्टर जॉर्ज द बेलिओ. हे मूळचे रुमानियाचे, पॅरिसमध्ये होमिओपॅथीची औषधं देत. चित्रकार आजारी पडले की डॉक्टर त्यांना तपासत आणि कुणाला पैशांची चणचण असली की त्याची चित्रं विकत घेत. मोनेला त्यांचा मोठा आधार होता. डॉक्टर १८९४ मध्ये वारले. त्यांची मुलगी व्हिक्टोरिन हिने वडिलांची चित्रं जपून ठेवली. १९३९ मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा बाँबहल्ल्याच्या भीतीने हे चित्र पॅरिसबाहेर शांबोरच्या किल्ल्यात हलवलं गेलं. १९४० मध्ये व्हिक्टोरिनने ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयाला देऊन टाकलं. १९४४ मध्ये बाँबहल्ल्यांत ल आव्र शहर पार उद्ध्वस्त झालं. मोनेने पाहिलेलं बंदर गेलं, त्याचं चित्र मात्र वाचलं.

दिवसाढवळ्या चोरी

संकटं तरी किती यावीत! २७ ऑक्टोबर १९८५ ला बंदूकधारी चोर दिवसाढवळ्या मार्मोतां संग्रहालयात शिरले. पहारेकरी आणि प्रेक्षक यांच्यावर बंदुका रोखून त्यांनी नऊ चित्रं पळवली. त्यात आपला सूर्यही होता. पण जगप्रसिद्ध चित्र विकणार कुणाला? बघणारा लगेच ओळखणार! डिसेंबर १९९० मध्ये पोलिसांना ही चित्रं कॉर्सिका बेटावर सापडली आणि १९९१ मध्ये सूर्य पुन्हा संग्रहालयाच्या भिंतीवर झळकला.

आता मूळ प्रश्न. उगवता की मावळता? २०१४ मध्ये याचा छडा लावला डोनाल्ड ओल्सन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने. जुने नकाशे आणि फोटो पाहून त्यांनी हॉटेलची जागा शोधली. खिडकी आग्नेयेकडे तोंड करून होती. त्या दिशेला सूर्य मावळणार कसा? म्हणजे हा सूर्योदयच! शिवाय मोठी जहाजं भरतीच्या वेळीच बंदरात ये-जा करू शकत. मग भरतीच्या वेळा, सूर्याची उंची, हवामानाच्या नोंदी आणि चित्रातल्या धुराची दिशा असं सगळं जुळवून उत्तर निघालं. बहुधा १३ नोव्हेंबर १८७२, सकाळचे साधारण ७ वाजून ३५ मिनिटं!

पहिल्या प्रदर्शनाला दीडशे वर्षं झाली, तेव्हा २०२४ मध्ये हे चित्र आधी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आणि मग अमेरिकेत वॉशिंग्टनला प्रदर्शनासाठी गेलं. एके काळी २१० फ्रँकला गेलेल्या चित्रासमोर आता माणसं गर्दी करतात. चित्र तेच आहे. बदलली ती बघणाऱ्यांची नजर. पण ती बदलेपर्यंत कुणीतरी ते जपलं, हे विसरू नका.

हे सगळं वर्गात सांगून झालं, तेव्हा मागच्या बाकावरचा आमचा टीकाकार म्हणाला, "बाई, मग तुम्ही माझ्या चित्राखाली 'अपूर्ण' असा शेरा का मारला होता?" मी काय बोलणार? वही मागून घेतली आणि शेरा खोडला.

तर मित्रांनो, येत्या रविवारी लवकर उठा. खिडकीतून दिसेल ते अर्ध्या तासात रंगवा. पूर्ण झालं नाही तरी चालेल. आणि आई-बाबांनो, ते चित्र रद्दीत घालू नका हं! मुलांनो, चित्रामागे तारीख आणि वेळ मात्र जरूर लिहा. मोनेने सहीशेजारी नुसतं '७२' लिहिलं होतं. पुढे एका शास्त्रज्ञाला केवढी खटपट करावी लागली, पाहिलंत ना?