इंटरनेटच्या दोन वाटा

पांढुर्ण्याहून नागपूरला जावयाचे झाल्यास आपणांस दोन मार्ग मोकळे असतात. सडकेने गेल्यास सावनेरवरून, आगगाडीने गेल्यास नरखेड-काटोलवरून. सौंसरची सडक मात्र सावनेरलाच येऊन मिळते, आणि तेथील लोहमार्गही सावनेरवरूनच नागपुरास जातो. ही साधी भौगोलिक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

इंटरनेट हे एक जाळे आहे असे आपण म्हणतो. वस्तुतः ते हजारो स्वतंत्र जाळ्यांचे जाळे आहे. एखादी मोठी कंपनी, एखादे विद्यापीठ, किंवा तालुक्यात घरोघर जोडण्या देणारा लहान व्यावसायिक, यांचे प्रत्येकाचे जाळे म्हणजे एकेक संस्थानच होय. स्वतंत्रपणे वावरू इच्छिणाऱ्या संस्थानास एक क्रमांक घ्यावा लागतो. भारतात ते काम २०१२ सालापासून ‘इंडियन रजिस्ट्री फॉर इंटरनेट नेम्स अँड नंबर्स’ ही संस्था पाहते.

ही संस्थाने एकमेकांस सांगत असतात, की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, ते गाठावयाचे तर माझ्याकडून या. ऐकणारा तीच वार्ता आपला क्रमांक जोडून पुढील शेजाऱ्यास कळवितो. या रीतीस ‘बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल’, संक्षेपाने बीजीपी, म्हणतात. १९८९ साली कर्क लॉहीड व याकोव्ह रेख्टर या दोघा अभियंत्यांनी तिचा पहिला आराखडा जेवणाच्या टेबलावर, हात पुसण्याच्या कागदांवर मांडला. त्या वेळची नड भागविण्यासाठी काढलेली ती युक्ती आज साऱ्या जगाचा भार वाहत आहे! तिचा पाया परस्परविश्वास हा आहे, आणि तिचे दुखणेही तेच.

लहान जाळ्यास बाहेरच्या जगाची वाट मोठ्या पुरवठादाराकडून विकत घ्यावी लागते. पुरवठादार एकच असेल तर सारी यातायात टळते. परंतु ते दार बंद झाले, की बँकेचा व्यवहार, संत्र्याच्या भावाची चौकशी आणि परीक्षेचा अर्ज ही सर्व एकदमच अडून राहतात. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियानजीक समुद्रतळाच्या दोन केबली तुटल्या. मुंबईहून यूरोपकडे जाणाऱ्या वाहतुकीचा मोठा वाटा त्यांवर होता. भारताची सुमारे निम्मी क्षमता एकाएकी गेली. ज्यांच्यापाशी पूर्वेकडील, प्रशांत महासागरावरून जाणारी वाटही होती, त्यांचे काम मंदावले, पण थांबले नाही.

आता समजा, पांढुर्णा व सौंसर येथे सेवा देणाऱ्या एका जाळ्याने दोन पुरवठादार घेतले. दोन्ही दारांतून पुकारा करावयाचा तर पत्ते स्वतःच्या नावे हवेत, आणि ते सलग किमान २५६ हवेत. त्याहून लहान तुकडा जगातील बहुतेक राउटर स्वीकारीत नाहीत. बाहेर जाणारा माल कोणत्या दाराने न्यावा हे आपल्या हाती असते. राउटरमध्ये एका पुरवठादाराच्या वाटांस पसंतीचा अंक २०० द्यावा, दुसऱ्याच्या वाटांस १००. पहिली वाट असेतो तीच चालते. ती नाहीशी झाली की दुसरी आपोआप पुढे येते. शेजारी मुका झाल्यावर राउटर साधारणतः दीड ते तीन मिनिटे त्याची वाट पाहतो, आणि मग त्याने सांगितलेल्या सर्व वाटा पुसून टाकतो.

येणाऱ्या मालाचे तसे नाही. तो धाडणाऱ्याच्या मर्जीने येतो, आणि गावच्या जाळ्यावर येणारा मालच फार. त्यास वळविण्यासाठी आपण दुसऱ्या दारावरील पुकाऱ्यात आपला क्रमांक मुद्दाम दोन-तीन वेळा उच्चारतो. त्यामुळे ती वाट लांब भासते व दूरचे लोक पहिलीकडे वळतात. मात्र ही विनंती आहे, आज्ञा नव्हे. पुरवठादाराने आपल्या पसंतीचा अंक आधीच लावलेला असल्यास ती लांबी कोणी मोजीत नाही.

याहूनही जपावयाची गोष्ट निराळीच आहे. पहिल्या पुरवठादाराकडून कळलेल्या वाटा चुकून दुसऱ्यास कळविल्या, तर दोन बलाढ्य जाळ्यांमधील वाहतूक आपल्या दारातून वाहू लागते. मुंबई-कलकत्ता मार्गावरचे सारे ट्रक सौंसरच्या गल्लीत शिरल्यासारखे होते. यास्तव आपले पत्ते तेवढे पुकारावे, अन्य काही नाही, अशी चाळणी राउटरवर लावलीच पाहिजे, आणि पुरवठादारानेही आपल्या बाजूस ती लावली पाहिजे. २४ फेब्रुवारी २००८ रोजी पाकिस्तानातील दूरसंचार कंपनीने यूट्यूब देशापुरते बंद करण्यासाठी त्याच्या २५६ पत्त्यांची खोटी वाट पुकारली. यूट्यूबचा स्वतःचा पुकारा १०२४ पत्त्यांचा होता. राउटर नेहमी अधिक नेमकी, म्हणजे लहान गटाची वाट खरी मानतो. त्या कंपनीच्या पुरवठादाराने चाळणी न लावता ती वार्ता जगभर धाडली, आणि सुमारे दोन तास यूट्यूब जगात बहुतेक ठिकाणी दिसेनासे झाले. अलीकडे पत्त्यांच्या मालकीचे स्वाक्षरीयुक्त दाखले तपासण्याची सोय झाली आहे. परंतु ते तपासण्याची तसदी प्रत्येकजण घेतोच असे नाही.

आता पुन्हा सावनेरकडे वळू. आपल्या जाळ्याने दोन निराळ्या कंपन्या निवडल्या, एकीची काचतंतूची तार पांढुर्ण्याहून सडकेच्या कडेने गेली, दुसरीची सौंसरहून. राउटरमधील मांडणी निर्दोष आहे. तरीही सावनेर ते नागपूर या टप्प्यात दोन्ही तारा एकाच चरातून जात असतील, तर रस्तारुंदीच्या एका यंत्राने दोन्ही एकदम तुटतात आणि बीजीपीस निवडण्याजोगे काही उरत नाही. राउटरला क्रमांक दिसतात, चर दिसत नाही. म्हणून करार करण्यापूर्वी पुरवठादाराकडे तारेचा नकाशा मागावा. दुसरी तार काटोलच्या लोहमार्गाने जाणारी असावी, किंवा मुलताई-बैतूलवरून भोपाळकडे, नाहीतर सौंसरहून छिंदवाड्याकडे निघणारी असावी. भोपाळची वाट लांब पडते आणि महागही पडू शकते. पण सावनेरला खोदकाम चालले असता तीच चालू राहील.