विश्लेषण : विमानात शाईचे पेन का गळते? अर्धे भरलेले पेन नेणे धोक्याचे का?

परदेशात शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याच्या खिशात आजोबांनी दिलेले शाईचे पेन असते. विमान सुटते, तासाभराने टोपण उघडले की बोटे निळी होतात. कधी सदऱ्याच्या खिशावर डाग पडतो. पेन पासपोर्टच्या कप्प्यात ठेवलेले असेल, तर प्रश्न कपड्यांपुरता राहत नाही. त्यामुळे ‘शाईचे पेन विमानात नेऊच नये’ असा सल्ला सर्रास दिला जातो. मात्र बहुतेक वेळा यात दोष पेनचाही नसतो आणि शाईचाही नसतो. शाई बाहेर ढकलते ती पेनमधली हवा.

विमानात हवेचा दाब किती असतो?

प्रवासी विमान साधारण ३५ हजार फुटांवरून उडते. तिथल्या विरळ हवेत माणूस तग धरू शकत नाही. म्हणून केबिनमध्ये दाबाने हवा भरली जाते. पण हा दाब जमिनीवरच्या दाबाइतका ठेवला जात नाही, कारण त्यामुळे विमानाच्या सांगाड्यावरचा ताण वाढतो. बहुतेक विमानांत तो सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखला जातो. महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट उंच आहे. म्हणजे दाबाच्या हिशेबाने प्रवासी कळसूबाईच्याही वर बसलेला असतो. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो, तर आठ हजार फुटांवर तो ७५ किलोपास्कलच्या आसपास येतो. अर्ध्या तासाच्या आत दाब साधारण एक चतुर्थांशाने घटतो.

मग शाई बाहेर कशी येते?

शाईच्या पेनमध्ये जेवढी शाई कागदावर उतरते, तेवढीच हवा आत शिरते. त्यामुळे वापरलेल्या पेनमध्ये शाईच्या जोडीला हवाही असते. तापमान तेच राहिले तर दाब कमी होताच हवेचे आकारमान वाढते, हा बॉइलचा नियम अकरावीच्या रसायनशास्त्रात शिकवला जातो. विमानात वेफर्सचे पाकीट टम्म फुगते ते याचमुळे. जमिनीवर एक मिलिलिटर असलेली हवा केबिनमध्ये सुमारे १.३३ मिलिलिटर होते. पाकीट सगळीकडून बंद असते, पेन तसे नसते. निबखालच्या खाचांच्या तुकड्यातून, म्हणजे ‘फीड’मधून, बाहेर जायची वाट असते. निब खाली असेल तर त्या वाटेवर शाई उभी असते आणि फुगणारी हवा तिला बाहेर ढकलते. निब वर असेल तर शाई तळाशी राहते आणि हवा निमूटपणे निघून जाते.

अर्धे भरलेले पेन धोक्याचे का?

काठोकाठ भरलेल्या पेनमध्ये फुगायला हवाच नसते, रिकाम्या पेनमध्ये गळायला शाई नसते. अडचण होते ती मधल्या अवस्थेत. ड्रॉपरने थेट दांड्यात शाई भरायच्या पेनचे उदाहरण घेऊ. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरमची हाताने घडवलेली एबोनाइटची पेने अनेकदा अशी असतात. पेनमध्ये दोन मिलिलिटर शाई मावते असे धरले आणि ते अर्धे भरलेले असले, तर आतली एक मिलिलिटर हवा सुमारे ०.३३ मिलिलिटरने वाढते. तेवढी शाई बाहेर आली तर ते सहा-सात थेंब होतात. पेन पाव भरलेले असेल, तर हिशेबाने उरलेली सगळीच शाई बाहेर येऊ शकते. कन्व्हर्टरच्या पेनमध्ये मुळात जागा एक मिलिलिटरहून कमी असल्याने प्रकरण दोन-तीन थेंबांवर निभावते.

पेन बनवणाऱ्यांनी यावर काय केले?

जादा शाई धरून ठेवणे, हा त्यावरचा मुख्य उपाय ठरला. फीडवर दिसणाऱ्या बारीक चकत्यांच्या फटींत अशी शाई साठते आणि थेंब खाली पडत नाही. १९४१ मध्ये बाजारात आलेल्या ‘पार्कर ५१’मध्ये दांड्याच्या आत असाच मोठा साठवण भाग होता. दुसरीकडे हंगेरीच्या लास्लो बिरो यांच्या बॉलपेनला घट्ट शाईचा फायदा मिळाला. उंचीवर ते गळत नसल्याने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाने ते वैमानिकांसाठी घेतले.

प्रवासात काय काळजी घ्यावी?

- पेन पूर्ण भरावे किंवा धुऊन रिकामे न्यावे. ड्रॉपरचे पेन रिकामे नेलेलेच बरे.
- उड्डाणाच्या वेळी निब वर राहील असे पेन उभे ठेवावे. आडवे ठेवू नये.
- पेन झिपच्या प्लास्टिक पिशवीत घालून हातातल्या बॅगेत ठेवावे. चेक-इन बॅगेत ते कसेही पडते आणि आपटते.
- पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रे आणि पेन एका कप्प्यात नको. नेहमीची शाई पाण्यात विरघळणारी असते, ती ओल्या हाताने पसरते.
- हवेत टोपण उघडताना निब वर धरून सावकाश उघडावे. झटक्याने ओढले तर आतून शाई खेचली जाते. टिश्यू पेपर जवळ असू द्यावा.

विमान उंचीवर स्थिरावले की पेनने निर्धास्त लिहिता येते. उतरताना दाब वाढतो आणि पेनमधली हवा आक्रसते, त्यामुळे तेव्हा गळतीची भीती फारशी नसते. कनेक्टिंग फ्लाइट असेल तर मात्र सावध राहावे. पहिल्या विमानात चार पाने लिहून झाली असतील, तर दुसऱ्या उड्डाणाच्या वेळी तेच पेन अर्धे रिकामे असते. विमानतळावर ते पुन्हा भरावे, नाहीतर रिकामे करावे.

शाईच्या बाटलीचे काय?

आंतरराष्ट्रीय प्रवासात हातातल्या बॅगेतील द्रवांसाठी सर्वसाधारणपणे १०० मिलिलिटरची मर्यादा असते. ती बाटलीच्या क्षमतेला लागू होते, आत किती शाई उरली याला नाही. ३० किंवा ५० मिलिलिटरची बाटली या मर्यादेत बसते, पण ती इतर द्रवांबरोबर एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत ठेवावी लागते. अंतिम निर्णय सुरक्षा तपासणी करणाऱ्यांचा असतो. बाटलीलाही हवेचा तोच नियम लागू आहे. अर्ध्या बाटलीचे झाकण सैल असेल, तर शाई बॅगभर होऊ शकते. झाकण घट्ट करून बाटली वेगळ्या झिप पिशवीत उभी ठेवणे सोयीचे.