जमेच्या बाजूला काय लिहायचं?

मैत्रिणींनो, हातात चहाचा कप असेल तर आधी तो प्या, गार होऊ देऊ नका. आजचं बोलणं त्या चहाबद्दलच आहे म्हणा ना.

मागे आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वही भरून झाली आणि आम्ही एकमेकींना सहज विचारलं, काल दिवसभरात बरं वाटलं असं काय घडलं? बराच वेळ कुणी बोलेना. काय बिघडलं असं विचारलं असतं, तर रात्र पुरली नसती!

असं का होतं? आपलं मन वाडीच्या राखणदारासारखं असतं. पाचोळा वाजला की राखणदार जागा होतो; मोगरा फुलला म्हणून काही तो उठत नाही. धोका नजरेतून सुटला तर जिवावर बेततं, आनंद सुटला तर लगेच काही बिघडत नाही. त्यामुळे लक्ष आपसूक त्रासाकडे जातं. त्यात सवयीची भर. नवा मिक्सर आठ दिवस कौतुकाचा, पुढे तो बिघडला तरच आठवतो.

2003 साली रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलॉ या अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही विद्यार्थ्यांनी 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेसे वाटतील अशा 5 पर्यंत गोष्टी लिहिल्या. काहींनी तशाच 5 कटकटी लिहिल्या, तर काहींनी नुसत्या घडलेल्या गोष्टी. आभाराच्या गोष्टी लिहिणाऱ्यांना आपलं आयुष्य इतरांपेक्षा बरं वाटलं, पुढच्या आठवड्याबद्दल आशाही जास्त वाटली. जादू नव्हे, थोडासाच फरक. पण खर्च किती? एक पेन्सिल.

मात्र ‘देवाच्या कृपेने सगळं छान’ असं लिहून भागत नाही. बारीक लिहावं लागतं. आपल्या वसईची सुकेळी आठवा. पिकलेलं राजेळी केळं सोलून उन्हात ठेवायचं, संध्याकाळी उचलायचं, सकाळी पुन्हा ऊन दाखवायचं. असे कितीतरी दिवस गेले की त्याला मधासारखा रंग चढतो. तेच केळं नुसतं खाल्लं असतं तर चार घासांत संपलं असतं. राजेळीच्या बागाही आता कमी झाल्यात, म्हणून सुकेळीचा तुकडा आपण तोंडात घोळवून खातो. दिवसातली एखादी गोष्ट अशीच घोळवायची. ‘विरार लोकलमध्ये नालासोपाऱ्याला एका अनोळखी बाईने सरकून जागा दिली’, एवढं लिहिलं तरी ती बाई पुन्हा डोळ्यांसमोर येते.

आमच्यातली एक वहिनी मात्र त्या दिवशी उसळून बोलली. “आहे त्यात समाधान मान, हे मी लग्नापासून ऐकतेय. आता तुम्हीही तेच सांगणार?”

तिचं चुकलं नव्हतं. बाईला गप्प बसवायला समाधान हा शब्द फार वापरला गेलाय. पण आपल्या वहीत जमा आणि येणं असे दोन वेगळे रकाने असतात ना? जमा लिहिली म्हणून येणं माफ होत नाही. त्याच बैठकीत आम्ही एका पानावर ‘विहिरीचं पाणी यंदा गोड लागतंय’ असं लिहिलं आणि दुसऱ्या पानावर, नळाला दिवसाआड येणाऱ्या पाण्याबद्दल अर्ज लिहून सगळ्यांनी सह्या केल्या. अर्जाचं उत्तर अजून यायचंय. पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत, तुमच्यापैकी कुणाला यायचं असेल तर या.

आणखी एक. जिच्या घरात नुकतं दुःख झालंय, आजारपण आहे, तिला हा प्रश्न विचारू नये. तिच्याजवळ नुसतं बसावं.

ती वहिनी पुढच्या दोन बैठकांत काहीच बोलली नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, “बुधवारी दुपारी घरात कुणी नव्हतं. मी ताट वाढून घेतलं आणि बसून गरम गरम जेवले.”

कुणी हसलं नाही. आपण असं शेवटचं कधी जेवलो, ते आमच्यातल्या कितीतरी जणींना आठवत नव्हतं. वहीत लिहून घेतलं : बुधवार, गरम जेवण.