तीन कामांचे यंत्र, चार तऱ्हांचा धूर

ग्रील, गेट, जिन्याचे कठडे बनवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमधून तेल भरलेला जड वेल्डिंग ट्रान्सफॉर्मर हळूहळू हद्दपार होतो आहे. त्याच्या जागी हाताने उचलता येणारे इन्व्हर्टर यंत्र येते. साधा रॉड, मिग आणि टिग अशी तिन्ही प्रकारची वेल्डिंग एकाच डब्यातून होते, म्हणून दुकानदार त्याला ‘थ्री-इन-वन’ म्हणतात. तीन वेगळी यंत्रे घेण्यापेक्षा ते बरेच स्वस्त पडते. आजवर फक्त लोखंड जोडणाऱ्या कारागिराला स्टेनलेस स्टीलच्या रेलिंगची कामेही घेता येतात. सौदा वाईट नाही. पण यंत्र पारखताना बहुतेकांची नजर अँपिअरच्या आकड्यावर खिळते आणि तो आकडा फारसे काही सांगत नाही.

समजा, डब्यावर 200 अँपिअर लिहिले आहे. रॉडने वेल्डिंग करताना एवढ्या अँपिअरला साधारण 28 व्होल्ट धरतात, म्हणजे 5.6 किलोवॉट. यंत्रात वाया जाणारी वीज मिळवली तर 230 व्होल्टच्या लाइनवरून 28-30 अँपिअर किंवा त्याहूनही जास्त ओढले जाणार. आपल्याकडचे पॉवर सॉकेट असते 16 अँपिअरचे. मग एमसीबी पडतो आणि तो पडू नये म्हणून त्याला वळसा घालून थेट तार जोडली जाते. शॉक आणि आगीची सुरुवात तिथे होते. खिडकीच्या ग्रीलला अडीच मिलिमीटरचा रॉड लागतो, त्याला शंभराच्या आत अँपिअर पुरतात. त्यापेक्षा ‘ड्यूटी सायकल’ विचारावी. ती 30 टक्के असेल, तर त्या अँपिअरवर दर दहा मिनिटांत तीन मिनिटेच वेल्डिंग करायचे आणि उरलेली सात मिनिटे यंत्र थंड होऊ द्यायचे.

‘सर्व धातूंसाठी’ हा दावाही तपासून घ्यावा. ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते, पण त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा वितळायला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. टिगमध्ये तो फोडायला एसी करंट लागतो. स्वस्त थ्री-इन-वनमध्ये टिग बहुधा डीसीच असते. मिगने ॲल्युमिनियम जमते, पण त्यासाठी मऊ तारेला साजेसे रोलर, टेफ्लॉनचा लायनर आणि शुद्ध अरगॉन हवा. पातळ पत्र्यावर तर हात चांगलाच बसलेला हवा.

माहितीपत्रकात न लिहिलेली गोष्ट म्हणजे धूर. धातू बदलला की धूर बदलतो. साध्या लोखंडाच्या धुरात मँगनीज असते. वर्षानुवर्षे ते शरीरात गेले तर मज्जासंस्थेवर परिणाम होऊन कंपवातासारखी लक्षणे दिसू शकतात. स्टेनलेस स्टीलच्या धुरात निकेल आणि षट्संयुजी क्रोमियम येते, आणि ही दोन्ही कर्करोगकारक आहेत. जीआय पाइपवरचा जस्ताचा थर 907 अंशांनाच उकळतो, लोखंड वितळायच्या खूप आधी. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की काही तासांनी, बहुधा रात्री, हुडहुडी भरून ताप येतो, तोंडाला धातूची चव येते. दोनेक दिवसांत उतरणारा हा ताप अनेकदा मलेरिया किंवा फ्लू समजला जातो. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो हटकून गाठतो, कारण रोजच्या धुराला सरावलेले शरीर एक-दोन दिवसांत तो सराव विसरते. दूध प्यायल्याने किंवा गूळ खाल्ल्याने छातीतला धूर निघत नाही. ॲल्युमिनियमवर धूर कमी दिसला तरी चापाच्या अतिनील किरणांमुळे ओझोन तयार होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये वेल्डिंगचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्यात साध्या लोखंडाच्या धुराला सूट नाही.

नव्या यंत्राने आणखी एक बदल होतो, तो चटकन लक्षात येत नाही. रॉडचे काम अंगणात, वाऱ्यावर चालते. मिग आणि टिगमध्ये वितळलेल्या धातूवर वायूचे पांघरूण असते, ते वाऱ्याने उडते आणि जोड सच्छिद्र होतो. म्हणून काम आत सरकते, पंखा बंद होतो, शटर अर्धे खाली येते. धूर तिथेच कोंडतो. टाकीसारख्या बंदिस्त जागेत तर हवेपेक्षा जड अरगॉन तळाशी साचून गुदमरायला होते. भिंतीत उंचावर बसवलेला एक्झॉस्ट फारसा उपयोगी नाही, कारण धूर त्याच्याकडे जाता जाता कारागिराच्या नाकावरून जातो. खेचणारे तोंड चापाजवळ, बाजूला आणून ठेवावे, वायूचे पांघरूण ओढले जाणार नाही इतपत अंतर राखून. रुमाल कामाचा नाही. नीट बसणारा एन-95 मास्क कण अडवतो, पण ओझोन नाही.

मात्र, याच डब्यावरचे बटण आरोग्याच्याही कामी येते. स्टेनलेसचा कठडा रॉडऐवजी टिगने जोडला तर धूर आणि त्यातले षट्संयुजी क्रोमियम बरेच कमी होते. वेळ जास्त लागतो, हे खरे. जीआय पाइप असेल तर जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर आधी घासून काढावा आणि त्या वेळीही मास्क असावा.

पैसे वाचले असतील तर त्यातून आधी आपोआप काळे होणारे हेल्मेट घ्यावे. फूटपाथवरचा काळा चष्मा चालत नाही. चेहरा आणि मान उघडीच राहते. हेल्मेट दोन घ्यावीत, कारण पाइप धरून उभा असलेला मदतनीस बहुतेक वेळा नुसती मान वळवतो. त्याच्या डोळ्यांत रात्री वाळू गेल्यासारखे खुपू लागते. बटाट्याच्या चकत्यांनी गार वाटते, एवढेच. बधिर करणारे थेंब स्वतःच्या मनाने घालत राहू नयेत. त्यांनी बुबुळाची जखम भरायला उशीर होतो. दुसऱ्या दिवशीही दुखणे कमी झाले नाही किंवा धूसर दिसू लागले, तर नेत्रतज्ज्ञाकडे जावे आणि काम वेल्डिंगचे आहे हे आधी सांगावे.