बाहुलीची दुलई

गेल्या मार्गशीर्षात आमची सहा वर्षांची नात आपली बाहुली काखोटीला मारून माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "आजोबा, हिला थंडी वाजते. हिला दुलई पाहिजे." ही मागणी वस्तुतः तिच्या आजीकडे जावयाची, परंतु ती माउली आदल्याच वर्षी आम्हांस सोडून गेली होती, आणि तिचा शिवणाचा डबा तेव्हापासून कोणी उघडला नव्हता.

नातीचे शब्द ऐकून मला दुसरेच एक संभाषण आठवले. आमची मुलगी एवढीच असताना एकदा माझ्यापाशी येऊन म्हणाली होती, "बाबा, शिंप्याकडून थोडी कातरणे आणून द्या ना, बाहुलीला परकर शिवायचा आहे." मी वह्या तपासीत होतो. मान वर न करताच मी उत्तर दिले, "चिंध्यांत वेळ घालवण्यापेक्षा पाढे पाठ कर." तिने पुन्हा कधी मागितले नाही. आपला शब्द मानला गेला, म्हणून मला त्या वेळी बरेही वाटले होते.

विशेष हे की, असे उत्तर देणारा हा गृहस्थ शाळेत विराटपर्वाची कथा मोठ्या आवेशाने सांगत असे! कौरवांनी गाई वळवून नेल्या, राजपुत्र उत्तर युद्धास निघाला आणि बृहन्नडेच्या वेषातील अर्जुन त्याचा सारथी झाला, हे सर्वांस ठाऊकच आहे. परंतु रथ निघतेवेळी राजकन्या उत्तरा आणि तिच्या सख्या यांनी बृहन्नडेजवळ काय मागितले? राज्य नव्हे, रत्ने नव्हेत. आमच्या बाहुल्यांसाठी कौरवांची तलम, रंगीबेरंगी वस्त्रे घेऊन ये, एवढेच. आणि त्या महावीराने ते लक्षात ठेवले. संमोहनास्त्राने कौरवसेना निश्चेष्ट पडताच त्याने उत्तराला आठवण करून दिली की, द्रोण आणि कृप यांची शुभ्र, कर्णाचे पिवळे, अश्वत्थामा आणि दुर्योधन यांची निळी वस्त्रे काढून आण. भीष्मांच्या जवळ मात्र जाऊ नकोस, त्यांना या अस्त्राचा प्रतिकार माहीत आहे. रणांगणात उभ्या असलेल्या अर्जुनाला एका मुलीच्या पांचालिका आठवतात, आणि खुर्चीत बसलेल्या मास्तराला चार कातरणे आणून देण्यास सवड होत नाही! कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात प्रत्यक्ष पार्वती मंदाकिनीच्या वाळूत चेंडू आणि कृत्रिमपुत्रक, म्हणजे बाहुल्या, घेऊन खेळते. तेही मी कित्येक वेळा वाचले होते. वाचणे निराळे आणि समजणे निराळे.

असो. मी डबा उघडला. सुई, दोरा, अंगुस्तान, कात्री, सारे जागच्या जागी होते. चष्मा लावूनही सुईत दोरा ओवण्यास चौथा प्रयत्न लागला. सूनबाईंनी धावदोरा, हेम आणि उलटी टीप हे तीन टाके शिकविले. बाहुलीच्या साऱ्या संसाराला एवढे तीन टाके पुरतात, हे मी आता अनुभवाने सांगतो. ज्या घरी लहान मूल असेल, तेथील वडील मंडळींनी हे करून पाहावे म्हणून मापे येथे देतो. बाहुली वीतभर, म्हणजे सुमारे नऊ इंच उंचीची धरली आहे.

दुलईकरिता जुन्या सुती पातळाचे १३ इंच लांब आणि ११ इंच रुंद असे दोन तुकडे घ्यावेत. मध्ये घालण्यास मऊ धोतराचा १२ इंच लांब, १० इंच रुंद तुकडा असावा. बाहेरच्या दोन्ही तुकड्यांच्या कडा अर्धा अर्धा इंच आत दुमडून मधला तुकडा त्यांत बसवावा आणि कडेने धावदोरा घालावा. मग गोधडीला घालतात तशा आतआत ओळी घालीत मध्यापर्यंत यावे. नवे कापड घेऊ नये. ते ताठ राहते आणि सुईला जड जाते. अनेकदा धुतलेले कापड बाहुलीच्या अंगासरसे बसते.

गादीसाठी १२ इंच लांब, ७ इंच रुंद असे दोन तुकडे सुलट बाजू आत करून तीन बाजूंनी उलट्या टिपेने शिवावेत. ते उलटवून आत पिंजलेला कापूस भरावा आणि चौथी बाजू हेम घालून बंद करावी. उशी याच रीतीने ४ इंच लांब, ३ इंच रुंद तुकड्यांची होते.

परकराला पातळाच्या काठाचा भाग घ्यावा. काठ खाली ठेवला की तेथे हेम घालावे लागत नाही आणि शोभाही येते. कापड घेरासाठी १४ इंच आणि उंचीला साडेसहा इंच पुरे. वरच्या बाजूला इंचभर दुमडून नेफा करावा, मागची शिवण घालताना नेफ्याची तोंडे मोकळी सोडावीत आणि त्यातून बारीक नाडी ओवावी.

तान्ह्या बाहुलीला कुंची हवीच. खणाचा १० इंच रुंद, ८ इंच लांब तुकडा रुंदीत दुमडावा. दुमड पाठीमागे येते. वरची पाच इंचांची कड शिवली की टोपरे तयार होते. गळ्यापाशी दोन आखूड बंद लावावेत. तीन वर्षांच्या आतील मुलासाठी भेट असेल, तर मणी, टिकल्या, गुंड्या कटाक्षाने टाळाव्यात, कारण त्या तोंडात जातात. लांब नाड्याही नकोत, आणि काम संपल्यावर सुया मोजून ठेवाव्यात.

कोणी म्हणेल, बाजारात सारे तयार मिळते, मग हा खटाटोप कशाला? १९५९ साली अमेरिकेत बार्बी नावाची बाहुली निघाली. तिचे कपडे आणि इतर सामान निरनिराळे विकत मिळते, आणि आमच्या नातीजवळही त्यातले काही आहे. त्याची निंदा मी करीत नाही. परंतु दुकानातील दुलईला इतिहास नसतो. ही दुलई पाहताच नातीने विचारले, "हे आजीचे पातळ ना?" मग ते आजी कधी नेसत असे, काठ कोणता होता, आजी कशी हसे, अशी तासभर चौकशी चालली. वर्षभर ज्या विषयावर घरात कोणी बोलू शकत नव्हते, त्याला एका वितीच्या बाहुलीने वाट करून दिली.

शिवाय शिक्षक या नात्याने आणखी एक गोष्ट जाणवली. मापे घेता घेता नात माझ्याशेजारी बसून अर्धा इंच, पाऊण इंच शिकली. पाढ्यांपुढे तो वेळ फुकट गेला असे मला आता म्हणवत नाही. हाताच्या उद्योगातून शिक्षण द्यावे, हा विचार वर्ध्याच्या १९३७ सालच्या शिक्षण परिषदेने देशापुढे मांडला. मी त्यावर भाषणेही ऐकली, पण माझ्या घरात तो येण्यास इतकी वर्षे लागली. आणि सुई हे केवळ बायकांचे काम, हा समजही सोडून द्यावा. चौसष्ट कलांत सूचीवानकर्म गणलेले आहे. ज्याला धोतराची निरी घालता येते, त्याला धावदोराही घालता येईल.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलगी माहेरी आली. तिच्या आईने तिच्यासाठी केलेली चिंध्यांची बाहुली ट्रंकेत जपून ठेवलेली होती. तिच्यासाठी मी एक परकर शिवून ठेवला होता, तो बाहुलीला नेसवून मी मुलीच्या हाती दिला आणि म्हणालो, "उशीर झाला खरा." तिने परकर उलटसुलट करून पाहिला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा, नेफा उलट्या बाजूने दुमडलात." आणि माझ्याकडून सुई मागून घेऊन, शिवण उसवून, तो कसा घालावा हे तिने मला तेथेच बसून दाखविले.