नाकाबंदीत हक्क वाचून दाखवतात का?
शनिवारची रात्र. अंधेरीजवळ पश्चिम द्रुतगती महामार्गावर बॅरिकेड लागलेली. हवालदार काच खाली करायला लावतो, यंत्राला नवी नळी लावतो आणि म्हणतो, "फुंका." इंग्रजी सिनेमे पाहणाऱ्याला पुढचा संवाद पाठ असतो: गप्प राहण्याचा तुम्हाला हक्क आहे, वगैरे. तो संवाद इथे येत नाही.

तो आला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९६६च्या मिरांडा निकालातून. गंमत म्हणजे तिथेही रस्त्यावर गाडी अडवून केलेल्या साध्या विचारपुशीला तो लागू नाही, असं त्याच न्यायालयाने १९८४ साली सांगून टाकलं.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम २०३ आहे. वाजवी संशय असेल तर गणवेशातला पोलीस श्वास तपासू शकतो. 'स्वतःविरुद्ध साक्ष देणार नाही' असं म्हणून नळी टाळणं अवघडच. बोटांचे ठसे किंवा हस्ताक्षराचा नमुना देणं म्हणजे साक्ष नव्हे, हे ११ न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध काठी काळू ओघड' खटल्यात ठरवलं आहे. उलट नकार दिला आणि दारूचा संशय असला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते.

मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.

हक्कांचा खरा हिशेब अटकेनंतर सुरू होतो. अटक का केली ते सांगायचं, गुन्हा जामीनपात्र आहे (आणि हा आहे) हेही सांगायचं, घरच्यांना कळवायचं, वकिलाला भेटू द्यायचं. शिवाय कलम २०२ची एक अट फारशी कुणाला ठाऊक नसते: अटकेपासून दोन तासांत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी झाली नाही, तर त्या माणसाला सोडावं लागतं.

कारणं तोंडी सांगून भागतं का, हा प्रश्न वरळीच्या प्रकरणातून दिल्लीपर्यंत गेला. ७ जुलै २०२४च्या पहाटे तिथे बीएमडब्ल्यूने स्कूटरला उडवलं, एका महिलेचा जीव गेला. आरोपी आदल्या रात्री जुहूच्या बारमध्ये होता. सापडला दोन दिवसांनी. तोवर रक्तात काय उरणार? पुढे त्याने आपल्या अटकेलाच आव्हान दिलं: कारणं लेखी दिली नाहीत. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुन्हा कोणताही असो, कारणं लेखी आणि आरोपीला समजणाऱ्या भाषेत द्यायची. लगेच जमलं नाही तर आधी तोंडी, पण रिमांडसाठी न्यायालयात उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात हवा. आरोपी नावडता असला म्हणून नियम चुकीचा ठरत नाही. उद्या तो बोरिवलीच्या रिक्षावाल्यालाही उपयोगी पडेल.

अटक झालीच, तर सही करण्याआधी अटक पंचनाम्यावर वेळ काय लिहिली आहे ते पाहा. डॉक्टरकडे नेण्याचे दोन तास अटकेपासूनच मोजले जातात.