एका सुताच्या आतलं काम

गिटारवर लेख हवा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर मार्टिन कंपनी असणार. 1833 सालची, पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथची. तिचा इतिहास कुठेही वाचायला मिळतो. माझं लक्ष अडकलं ते पुण्याच्या कडेला, पत्र्याच्या शेडमधल्या एका ड्रम सँडरवर.

त्याचा मालक फर्निचरच्या धंद्यातून गिटारकडे वळलेला. गिटारचा टॉप, म्हणजे वरची पाटी, साधारण अडीच ते तीन मिलिमीटरचा, बाजूच्या पट्ट्या दोनच्या आसपास. सुताराच्या हिशेबात सगळं एका सुताच्या आत. आणि पाटीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: 3 मिलिमीटरचे 2.7 केले, तर लाकूड जातं 10 टक्के, ताठपणा उतरतो 27 टक्क्यांनी.

फर्निचरवाल्याची नेहमीची जोडी म्हणजे सरफेस प्लेनर आणि थिकनेस प्लेनर. पहिला फळीची एक बाजू सपाट करतो, दुसरा उरलेली बाजू तिला समांतर. क्रम चुकवून चालत नाही. थिकनेसरचे रूळ वाकडी फळी दाबून सरळ धरतात, पाती तिला तासतात, आणि बाहेर पडली की ती पुन्हा वाकडी; फक्त पातळ झालेली. गिटारची मान किंवा इलेक्ट्रिक गिटारची पावणेदोन इंची बॉडी असेल तर ही जोडी उत्तमच. पण छोट्या प्लेनरची खालची मर्यादाच बहुधा 3 मिलिमीटरच्या आसपास असते. खाली फळकूट घालून आणखी पातळ करता येतं, पण शिसवीची रेषा उलटी आली की पात्याखाली खपली उडते. दोन मिलिमीटरच्या पट्टीत खपली म्हणजे भोकच.

ड्रम सँडरला पाती नाहीत. फिरत्या सिलिंडरवर पॉलिश पेपर गुंडाळलेला, खाली सरकता पट्टा. एका फेरीत मिलिमीटरचा दहावा-पाचवा हिस्सा निघतो. रेषा कुठूनही येवो. याचा 16 इंची ड्रम एका टोकाला मोकळा आहे, त्यामुळे पाटी फिरवून घातली की 32 इंच रुंदीपर्यंत काम होतं. गिटारचा दोन फळ्या जोडलेला बॅक यातून निघतो तो असाच, अर्धा-अर्धा.

सगळी मेख त्या मोकळ्या टोकात. ते केसभर उचललेलं असलं तरी पाटीच्या मधोमध उंचवटा राहतो. म्हणून तो एकाच जाडीच्या दोन पट्ट्या ड्रमच्या दोन टोकांखालून एकदम सोडतो आणि व्हर्नियर लावतो. “बघा साहेब, बाहेरची जाड आली.” मग बोल्ट किंचित फिरवायचा, पट्ट्या पुन्हा सोडायच्या. दोन्ही मापं जुळेपर्यंत खऱ्या लाकडाला हात नाही. मला हा माणूस तिथेच आवडला.

पण मशीन घ्यायला निघालेल्याने पुढचंही ऐकावं. शिसवी तेलकट, घाईने जास्त खोल घेतलं की कागद भरतो, तापतो आणि लाकडावर काळा पट्टा उमटतो. प्लेनरच्या ढलप्या खाली पडतात, सँडरची धूळ हवेत तरंगते. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच कर्करोगकारक ठरवलं आहे, शिवाय शिसवीच्या धुळीने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. शिवाय हे मशीन नको असलेल्या लाकडाची नुसती धूळ करतं, म्हणून जाड फळी आधी बँडसॉवर चिरून घ्यावी लागते. म्हणजे आणखी एक मशीन.

लाकूडही पूर्वीसारखं मिळत नाही. मार्टिनने 1969 च्या सुमारास ब्राझिलियन रोझवूड सोडून आपली शिसवी धरली. 2017 मध्ये रोझवूडच्या त्या प्रजातीतलं (जीनस) सगळंच लाकूड वन्यजीव-व्यापारावरच्या साइटीस कराराच्या नियमनाखाली आलं. बहुतेक तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली, कच्च्या लाकडाला नाही. बॅक आणि बाजूंच्या लाकडाचा फुकट गेलेला सेट परवडत नाही तो यामुळेच.

नवशिके त्याला विचारतात, आधी काय घेऊ? तो सांगतो, डस्ट कलेक्टर आणि चांगला हातरंधा. बहुतेक जण प्लेनर घेतात.